वाचकांचे प्रश्न : श्वाबेन, वाटण्यांतून घडलेला मुलूख

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. महाराष्ट्र आणि जर्मनीतले बाडेन-वुर्टेम्बर्ग (स्टुटगार्ट त्याचीच राजधानी) या दोन राज्यांमध्येही २०१५ पासून भागीदारी आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जाणारी मराठी मुले वाढली, तशी त्या भागाबद्दल विचारणारी पत्रेही वाढली. त्यांतली सहा या वेळी घेतली आहेत.

मुलगी नोकरीसाठी स्टुटगार्टला आहे. तिथले सहकारी स्वतःला ‘श्वाब’ म्हणवतात, पण नकाशात श्वाबेन नावाचे राज्य सापडत नाही. मग हा प्रदेश नक्की कुठे आहे? (पुणे)

राज्य म्हणून श्वाबेन आज नाहीच. मध्ययुगात श्वाबेनची डची, म्हणजे ड्यूकचे संस्थान, होती आणि होहेनश्टाउफेन घराणे तिचे मालक होते. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसा याच घराण्यातला. १२६८ मध्ये घराण्याचा शेवटचा वारस कोनराडिन याचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला आणि डची विस्कटली. तिच्या जागी लहान-मोठे सरदार, मठांच्या जहागिऱ्या, आणि उल्म, रॉइटलिंगेन, एसलिंगेन यांसारखी थेट सम्राटाला बांधील असलेली स्वतंत्र शहरे उरली. त्या गर्दीतून हळूहळू मोठे झालेले संस्थान म्हणजे वुर्टेम्बर्ग. १४९५ मध्ये त्याची डची झाली. १५३४ मध्ये ते कॅथलिक पंथ सोडून धर्मसुधारक लुथरच्या पंथाचे झाले. नेपोलियनच्या काळात भोवतालचे मठ आणि शहरे गिळून १८०६ मध्ये ते राज्य झाले.

आज ‘श्वाबेन’ म्हटले की साधारणपणे जुन्या वुर्टेम्बर्गचा दक्षिण आणि मध्य भाग धरतात. शिवाय बव्हेरियातही श्वाबेन नावाचा प्रशासकीय विभाग आहे, त्याचे मुख्य ठिकाण आउग्सबुर्ग. तिथली फुगराय ही १५२१ मध्ये गरिबांसाठी बांधलेली वसाहत आजही चालू आहे. एका घराचे वर्षाचे मूळ भाडे ८८ सेंट, आणि रोज तीन प्रार्थनांची अट.

मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा. कार्लस्रुहे, फ्रायबुर्ग किंवा मानहाइमच्या माणसाला श्वाब म्हणू नये. ते बाडेनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी आणि फ्रेंच ताब्याच्या सीमांनुसार या भागाची तीन राज्ये झाली होती. अमेरिकनांना कार्लस्रुहे-स्टुटगार्ट-उल्म हा महामार्ग सलग आपल्या ताब्यात हवा होता, म्हणून रेघ त्याच्या दक्षिणेकडून ओढली गेली आणि बाडेन व वुर्टेम्बर्ग दोन्ही मधोमध कापले गेले. ती तीन राज्ये एक करण्यासाठी १९५१ च्या डिसेंबरमध्ये मतदान झाले. चार विभाग पाडले होते आणि चारांपैकी तिघांत बहुमत मिळाले तरी पुरे, असा नियम होता. जुन्या बाडेनची सगळी मते एकत्र मोजली असती तर विलीनीकरण थोडक्यात हरले असते. पण उत्तर बाडेनने होकार दिला आणि २५ एप्रिल १९५२ रोजी बाडेन-वुर्टेम्बर्ग हे नवे राज्य उभे राहिले. बाडेनकरांची ती सल खरी होती आणि १९५६ मध्ये घटना-न्यायालयानेही त्यांना पुन्हा मत देण्याचा हक्क मान्य केला. प्रत्यक्ष मतदानाला १९७० उजाडले. तोवर लोक नव्या संसाराला सरावले होते, सुमारे ८२ टक्क्यांनी एकत्र राहण्याच्या बाजूने कौल दिला.

नाशिकच्या बॉश कारखान्यामुळे स्टुटगार्टचे नाव लहानपणापासून कानावर आहे. त्या भागात कोळसा नाही, समुद्र नाही, तरी एवढे कारखाने कसे? आणि श्वाबी माणूस चिक्कू, हे खरे का? (नाशिक)

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे : जमिनीची वाटणी.

जुन्या वुर्टेम्बर्गमध्ये बाप गेला की जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई, मुलींनाही वाटा मिळे. जर्मनीच्या पुष्कळ भागांत अख्खे शेत एकाच वारसाकडे जाई आणि बाकीच्यांनी मजुरी करावी किंवा बाहेर पडावे, अशी रीत होती. इथे तसे नव्हते. आणि वाटणी म्हणजे नुसते चार सारखे तुकडे नव्हेत. नदीकाठची काळी जमीन, उतारावरचा द्राक्षमळा, गावाजवळचे गवत, लांबचे खडकाळ रान, या प्रत्येकात प्रत्येकाला वाटा. दोन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या होत. तिसऱ्या पिढीत नांगर वळवायला जागा उरत नसे आणि आपल्या पट्टीवर जायला शेजाऱ्याच्या पिकातून वाट काढावी लागे. मुंबई प्रांताला १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा का करावा लागला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र जास्त समजावून सांगायला नको.

एवढ्या जमिनीवर पोट भरत नाही, म्हणून शेतकरी हिवाळ्यात विणकाम करू लागला, घड्याळे जोडू लागला, सुऱ्या-कात्र्या बनवू लागला. पण घर आणि पट्टी त्याने सोडली नाही. पुढे कारखाने आले ते याच माणसांच्या शोधात खेड्यांपर्यंत आले, कारण हात कसबी होते आणि मजूर आधीच घरचा धनी होता. अर्धा शेतकरी, अर्धा कामगार असा हा माणूस. म्हणून तिथे रुहर या कोळशाच्या पट्ट्यासारखी काळवंडलेली कारखान्यांची शहरे कमी आणि दरीदरीतून विखुरलेली यंत्रशाळा जास्त. १९३० च्या मंदीत वुर्टेम्बर्गमध्ये बेकारीची झळ बाकी जर्मनीपेक्षा कमी बसली, त्याचे मोठे कारण हेच की काम सुटलेल्या माणसाकडे बटाट्याची पट्टी होती.

त्या पट्ट्यांची खूण आजही दिसते. गावाभोवतीच्या उतारांवर उंच खोडाची सफरचंदाची, नासपतीची झाडे लांब लांब अंतरावर उभी असतात आणि खाली गवत वाढलेले असते. एकाच तुकड्यातून वर फळ आणि खाली चारा, अशी दोन पिके घ्यायची.

आता काटकसरीकडे येऊ. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ मध्ये फुटला आणि त्याच्या राखेमुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. वुर्टेम्बर्गमध्ये पिके शेतात कुजली. १८१७ मध्ये हजारो लोक नेकार नदीने उत्तरेकडे निघाले, अमेरिकेला जाण्यासाठी. हाइलब्रोनच्या धक्क्यावर फ्रीडरिश लिस्ट या तरुण अधिकाऱ्याने त्यांच्या जबान्या घेतल्या. तोच पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून नावाजला. लोकांनी दिलेली कारणे उपासमारीपुरती नव्हती. कराचा बोजा आणि गावच्या अधिकाऱ्यांचा जाच यांबद्दलही ते बोलले.

त्या दुष्काळातून राजा विल्हेल्म आणि राणी काथारिना यांनी तीन संस्था उभ्या केल्या, तिन्ही १८१८ च्या : होहेनहाइमची शेतीशाळा (आजचे विद्यापीठ), गरिबांच्या चार पैशांसाठी बचत बँक, आणि स्टुटगार्टजवळच्या कान्श्टाटचा कृषी-मेळा. हा मेळा आता बिअरच्या तंबूंसाठी प्रसिद्ध आहे, पण मैदानाच्या मधोमध धान्याने आणि फळांनी सजवलेला खांब आजही उभारतात. तो तिथे का आहे, हे या दुष्काळाशिवाय कळत नाही.

यात लुथरपंथीयांमधल्या भक्तिमार्गी चळवळीची भर पडली. घरात प्रार्थना, साधा पोशाख, वेळेचा हिशेब, उधळपट्टी म्हणजे पाप. त्यामुळे ‘चिक्कू’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. तुकड्यावर जगणाऱ्याने सगळे जपून वापरले, एवढेच ते आहे. आणि हा स्वभाव रक्तातला नाही, याचा पुरावा तिथेच आहे. डॅन्यूबच्या दक्षिणेकडच्या वरच्या श्वाबेनमध्ये शेत अखंड एका वारसाकडे जाई, लोक कॅथलिक राहिले. तिथे मोठाले वाडे आहेत, सोनेरी नक्षीची बारोक देवळे आहेत, लेंट या ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधीचा मुखवट्यांचा उत्सव जोरात असतो. बोली जवळपास तीच, राहणी मात्र मोकळी.

कारखान्यांना खरी दिशा दिली ती १८४८ मध्ये स्थापन झालेल्या उद्योग-व्यापाराच्या मध्यवर्ती कार्यालयाने. फेर्डिनांड श्टाइनबाइस यांनी त्याचे काम अनेक वर्षे सांभाळले. कोळसा नाही आणि बोटींनी माल नेता येईल अशी मोठी नदी नाही, म्हणजे जड माल परवडणार नाही. ज्यात कच्चा माल थोडा आणि कसब जास्त तेच करायचे, हा त्यांचा हिशेब होता. ते परदेशांतून नमुन्याची यंत्रे आणत, कारागिरांना पाहायला आणि वापरायला देत, संध्याकाळच्या आणि रविवारच्या धंदेशाळा काढत. मोटारीच्या इंजिनासाठी नावाजलेले गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख त्याच मुशीतले. १८८२ पासून कान्श्टाटच्या बागेतल्या काचघराला जोडून त्यांनी यंत्रशाळा थाटली. आतून रात्री-अपरात्री ठोकाठोकीचे आवाज येत, म्हणून माळ्याला खोटी नाणी पाडण्याचा संशय आला. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा आत इंजिने आणि हत्यारे निघाली.

रोबेर्ट बॉश हे उल्मजवळच्या आल्बेकचे. त्यांनी १८८६ मध्ये स्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यांत्रिकी आणि विजेच्या कामांची छोटी यंत्रशाळा काढली आणि १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला. डिझेलचा इंजेक्शन पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणात बनू लागला. आपल्या गावातले मायको सर्कल ज्या ‘मायको’वरून ओळखले जाते, ती भारतात १९५१ मध्ये सुरू झालेली बॉशचीच कंपनी. इंजेक्टरच्या नॉझलमध्ये सुई आणि तिचे घर यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट ठेवतात. जास्त झाली तर डिझेल मागे गळते, कमी झाली तर सुई अडकते. मूठभर पोलाद आणि अफाट कसब असा हा माल आहे. श्टाइनबाइस यांच्या हिशेबात तो नेमका बसतो.

घर बांधण्याची तिकडची पद्धतही आपल्याला ओळखीची वाटेल. हाइलब्रोनजवळच्या वुस्टेनरोट गावात १९२१ मध्ये सुरू झालेली गृहबचत संस्था भिशीच्या तत्त्वावर उभी होती. सभासद ठरलेल्या रकमेच्या साधारण ४० ते ५० टक्के आधी साठवतो, क्रमांक आला की उरलेली रक्कम कर्ज म्हणून मिळते. व्याजाचा दर करार करतानाच ठरलेला असतो. अडचण एकच : क्रमांक कधी येईल याची तारीख कोणी लिहून देत नाही. तो सभासदांच्या भरण्यावर अवलंबून असतो.

ट्युबिंगेनला शिकायला आलो आहे. दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली, ‘केऱवोख’ असे लिहिले होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, आता तुमची पाळी. म्हणजे नेमके काय करायचे? (मूळ गाव सातारा)

केऱवोख म्हणजे झाडलोटीचा आठवडा. पंधराव्या शतकाच्या शेवटी, ट्युबिंगेनचे विद्यापीठ काढणाऱ्या एबरहार्डच्याच काळात, स्टुटगार्टच्या रहिवाशांनी आपली घाण आठवड्याला गावाबाहेर न्यावी असा नियम होता, तिथून ही परंपरा मोजतात. स्टुटगार्ट पालिकेने १९८० च्या दशकाच्या शेवटी रहिवाशांवरची ही सक्ती काढली. पण भाडेकरारात किंवा घराच्या नियमावलीत लिहिले असेल, तर ती तुम्हाला बंधनकारक आहे. म्हणून आधी करार वाचा.

‘लहान’ पाळीत आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना येतो. ‘मोठ्या’ पाळीत मुख्य दार, तळघराचा जिना आणि बोळ, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, घरासमोरचा पदपथ, कुठे कुठे माळाही. हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ बहुधा याच पाळीत येतो. तो सकाळी सातच्या सुमाराला साफ लागतो. नेमकी वेळ गावाच्या नियमात पाहावी.

पायपुसणी उचलून बाहेर झटका. वरच्या पायरीपासून खाली झाडत या. पायरीचा भिंतीकडचा कोपरा हाताने काढा, तपासणारी नजर तिथेच जाते. मग कठडा आणि खिडकीचा कट्टा ओल्या फडक्याने, शेवटी पायऱ्या घट्ट पिळलेल्या फडक्याने. लाकडी जिन्यावर बादली ओतू नका. पाणी फटींत शिरते, लाकूड फुगते आणि दुरुस्तीचे बिल भाडेकरूकडे येऊ शकते. दाराच्या काचेवरचे हातांचे ठसे पुसा.

काम शनिवारी दुपारपर्यंत उरका. रविवारी करू नका, रात्री दहानंतर तर नाहीच. झाले की पाटी पुढच्या दाराला लटकवा. काम न करता पाटी सरकवणे हा सगळ्यात मोठा गुन्हा, कारण ते सगळ्या इमारतीला कळते. परीक्षा असेल किंवा गावी येणार असाल, तर शेजाऱ्याशी आठवडा आधी बदलून घ्या. आधी विचारलेत तर कोणी नाही म्हणत नाही.

श्वेबिश आल्बच्या पठारावर पाऊस चांगला पडतो, तरी तिथे पाण्याचे हाल होते असे वाचले. कारण काय? (सोलापूर)

कारण खडक. आल्ब चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, ते चुनखडी विरघळवत फटींतून खाली जाते आणि दरीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वर नदी नाही, विहीर लागत नाही. गावातल्या खोलगट जागेला चिकणमातीचे अस्तर देऊन डबके राखत, त्यात पागोळ्यांचे पाणी साठे. गुरे तेच पीत, टंचाईत माणसेही. उन्हाळ्यात दरीतून पिंपे भरून बैलगाड्या वर चढत.

अभियंता कार्ल एमान यांनी उपाय काढला तो साधा आणि देखणा होता. दरीतल्या ओढ्यावर पाणचक्की बसवायची आणि त्या चक्कीने पंप चालवून झऱ्याचे स्वच्छ पाणी साधारण २०० मीटर वर चढवायचे. पाणीच पाण्याला उचलते. टॉइरिंग्सहोफेनच्या पंपघरातून युस्टिंगेन गावाला १८७१ मध्ये पहिले पाणी मिळाले. एका गावाला हा खर्च झेपत नव्हता, म्हणून गावांचे गट केले आणि खर्च वाटून घेतला. पुढच्या काही दशकांत पठारभर असे गट झाले.

याच चुनखडीचा दुसरा चमत्कार इमेन्डिंगेनजवळ दिसतो. तिथे डॅन्यूब नदी पात्रातच मुरते आणि वर्षातले बरेच दिवस पात्र कोरडे असते. १८७७ मध्ये नदीत मीठ, रंग आणि तेल टाकून पाहिले. सुमारे ६० तासांनी ते १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात उतरले. हा झरा ऱ्हाइनला मिळतो. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी उत्तर समुद्राला जाते. त्यावरून वुर्टेम्बर्ग आणि बाडेन यांच्यात भांडण झाले आणि १९२७ मध्ये ते जर्मनीच्या राज्य-न्यायालयापर्यंत गेले.

पाणी न धरणाऱ्या या दगडाळ मातीत मसूर बरी येते. तिला आल्बवर ‘लायसा’ म्हणतात. मसुरीचे खोड लुळे असते, एकटी पेरली तर जमिनीवर लोळते आणि पावसात कुजते. म्हणून तिच्यात जव किंवा ओट मिसळून पेरतात, वेल त्यांना धरून उभी राहते. काढणी एकत्र होते, नंतर चाळण्यांनी आणि वाऱ्याने दाणे वेगळे करतात. या कटकटीमुळे महायुद्धानंतर लागवड बंद पडली आणि जुने वाणही गेले. लाउटराखचे शेतकरी वोल्डेमार मामेल यांनी १९८० च्या दशकात दुसऱ्या वाणावर ती पुन्हा सुरू केली. मूळचे दोन वाण २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह बियाणे-संग्रहात सापडले. मूठभर बियांपासून शेताला पुरेल एवढे बी व्हायला पुढे कित्येक हंगाम गेले. एक बियाणे-पेढी किती मोलाची असते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण शोधायला हवे.

‘श्पेट्सले’ (अंडे घातलेल्या पिठाच्या श्वाबी शेवया) घरी करून पाहिले. पाण्यात टाकल्यावर सगळा लगदा झाला. काय चुकले असेल? (ठाणे)

बहुधा तीनपैकी एक. पीठ पातळ होते, फेटणे कमी पडले किंवा पाण्याची उकळी बसली.

चार माणसांसाठी ३०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम बारीक रवा घ्या. तिकडचे श्पेट्सलेचे पीठ जरा कणीदार असते, नुसत्या मैद्याने ते चिकट होते. त्यात ५ अंडी, १ चमचा मीठ आणि १०० मिलिलिटर पाणी. आणखी ५० मिलिलिटर पाणी हाताशी ठेवा, लागेल तसेच घाला. लाकडी चमच्याने ताकद लावून पाचएक मिनिटे फेटा. पिठात मोठे बुडबुडे येऊन फुटू लागले पाहिजेत. चमचा उचलल्यावर पीठ धारेसारखे सलग पडले तर पातळ, गोळा लटकून राहिला तर घट्ट. जाडसर लोंबून मग तुटले की बरोबर. अर्धा तास झाकून ठेवा, रवा भिजतो.

पसरट पातेल्यात तीन-चार लिटर पाणी आणि मीठ. खळखळ उकळी हवी. तिकडे ओल्या फळीवर पीठ पातळ पसरून सुरीने काडीसारखे पट्टे थेट पाण्यात खरवडतात. हात बसेपर्यंत जाड शेवेची ताटली लावलेला सोऱ्या वापरा. बुंदीच्या झाऱ्यातून पाडले तर गोल दाणे होतात, त्यांना ‘क्नोप्फले’ म्हणजे बटणे म्हणतात. एका वेळी मूठभरच टाका. जास्त टाकले की उकळी बसते, पीठ बांधायच्या आत विरघळते आणि लगदा होतो. वर तरंगले की झाऱ्याने काढा, गरम पाण्यातून एकदा बुडवून निथळा आणि लोण्यात परता.

सोबत अख्खी मसूर करायची तर कांदा, गाजर घालून ती मऊ शिजवा, पीठ भाजून लावा आणि दोन चमचे व्हिनेगर अगदी शेवटी घाला. आंबट आधी पडले तर मसूर कितीही वेळ शिजली तरी कडकच राहते.

जर्मनची बी-२ परीक्षा पास झालो, तरी इथल्या यंत्रशाळेत बोलणे समजत नाही. आधी काय शिकावे? (मूळ गाव कोल्हापूर, सध्या रॉइटलिंगेन)

आधी कामाच्या जागी घोटाळा करणारे शब्द शिका. ‘हेबेन’ म्हणजे पुस्तकी जर्मनमध्ये उचलणे, श्वाबीत मात्र ‘धरून ठेवणे’. उचलण्याला ते ‘लुप्फेन’ म्हणतात. जड भाग हातात असताना हा फरक माहीत हवाच. ‘फूस’ म्हणजे फक्त पाऊल नव्हे, अख्खा पाय, म्हणून दुखापत सांगताना बोटाने जागा दाखवा. ‘ब्युने’ म्हणजे माळा, ‘टेपिख’ म्हणजे पांघरूणही, ‘गझेल्त्स’ म्हणजे जॅम. शब्दाच्या शेवटी लागणारे ‘ले’ लाडाचे किंवा लहानपणाचे.

मुकादम कामाबद्दल काहीच बोलला नाही, तर काम आवडले असे समजा. ‘रागावलो नाही म्हणजे पुरेसे कौतुक केले’, असे तिथे म्हणतातच.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठी माणूस इतर परदेशी लोकांच्या पुढे आहे. तिथे ‘फिर्टेल द्राय’, शब्दशः ‘पाव तीन’, म्हणजे सव्वादोन. ऐकणारे बरेच जण सव्वातीन समजून तासभर उशिरा पोचतात. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच. आणि ‘द्रायफिर्टेल द्राय’, पाऊण तीन, म्हणजे आपले पावणेतीन.